भावड्याचा नवस आणि माझे पाय

पाय गेलेत आणि परत येतील की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही, अशा अवस्थेत तुम्ही पडून असाल, तर हे तुमच्यासाठी आहे. शेजारी बसून कुणी वाचून दाखवत असेल तर त्याला आधी बजावा, पलंगाला टेकू नको. पलंगाला नुसता गुडघा लागला तरी आपल्या अंगातून कळ जाते, हे धडधाकट माणसाच्या ध्यानात येत नाही.

मला झाला तो नसांचा आजार. हल्ली सगळे त्याला जीबीएस म्हणतात. तेव्हा, दोन हजार सालानंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत, आमच्या नाशिकच्या सिडकोत हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. शरीर आपल्याच नसांवर उलटतं, पायांतून ताकद जायला लागते आणि ते वर वर चढत येतं. बहुतेकांची ताकद परत येते, पण स्वतःच्या मर्जीनं येते. यापलीकडचं डॉक्टरांना विचारा. मी अंबडच्या कारखान्यात लेथ चालवलेला माणूस, मला लोखंडातलं कळतं.

मला सांगायचंय ते भावड्याबद्दल. आजारपणात औषधं, गोळ्या, इंजेक्शनं सगळं मिळालं, पण माझा जीव अडकला होता तो त्याच्यात.

भावड्या

भाऊसाहेब त्याचं पाळण्यातलं नाव. सिन्नरच्या पुढे त्याचं गाव, घरी झेंडू आणि टोमॅटो. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही एकाच दिवशी कामाला लागलो. त्याची एसटी रोज उशिरा यायची, आणि हा पठ्ठ्या फाट्यापासून कारखान्याच्या गेटपर्यंत डबा छातीशी धरून पळत यायचा. मी सायकलवर. एकदा चढावर त्यानं मला मागे टाकलं आणि वर हात हलवून टाटा केला. मला भयंकर राग आला. दुसऱ्या दिवसापासून मी सायकल घरी ठेवली आणि त्याच्याबरोबर पळायला लागलो. आमची मैत्री अशी रागातून सुरू झाली.

पुढे रविवार ठरूनच गेला. पांडवलेण्यांचा डोंगर, कधी रामशेज, कधी अंजनेरी. स्पर्धा-बिर्धा काही नाही, मेडल नाही, घड्याळ नाही. लोकांना वाटायचं आम्ही भरतीची तयारी करतोय. दोघांचीही लग्नं झाली होती, पोटं सुटायची वयं आली होती, तरी लोक विचारायचे, "पोलिसात का मिलिटरीत?" भावड्या म्हणायचा, "मिलिटरीत. उद्या जातोय."

आणि वर्षातून एकदा त्र्यंबकच्या ब्रह्मगिरी डोंगराला फेरी. श्रावणात तिथं माणसांचा पूर असतो, सगळे अनवाणी चालत असतात, चिखलात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही जायचो थंडीत. तेव्हा त्या वाटेवर गुराखी सोडला तर कुणी नसे. सगळी फेरी आमच्या दोघांची असायची.

तो दिवस

त्या वर्षीही भावड्याच्या एम-एटीवर बसून आम्ही त्र्यंबकला गेलो. थंडी अशी की बोलताना ओठ हलत नव्हते. गाडी चहाच्या टपरीवर लावली, चहा घेतला आणि पळायला लागलो. भावड्यानं नेहमीप्रमाणे बूट काढून नाड्यांनी गळ्यात अडकवले. बूट झिजतात, तळवे झिजत नाहीत, असा त्याचा हिशेब. मी मात्र शालिमारच्या बाजारातून नवेकोरे बूट घेतले होते आणि ते दाखवण्यासाठी मुद्दाम पुढे पळत होतो.

पहिने गावाच्या बाजूला उन्हं आली. भात कापून झाला होता, खाचरांत नुसते बुडखे होते. खळ्यावर नागली झोडपत बसलेला एक म्हातारा आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि मागच्या वाटेकडे बघत म्हणाला, "कोण लागलंय रं तुमच्या मागं?"

"बायका," भावड्या म्हणाला.

म्हाताऱ्यानं गंभीरपणे मान हलवली आणि आम्हाला पाणी दिलं. त्यानंतर आम्हाला बराच वेळ पळता येईना, इतकं हसू येत होतं.

तिथून पुढे माझा उजवा पाय वाजायला लागला. पाऊल टेकलं की फटाक, फटाक. मागून भावड्या म्हणाला, "अरुण्या, तुझा बूट बघ कसा टाळ्या वाजवतोय. एक नंबर मोठा घेतला का काय?"

"बूट बरोबर आहे. तुझे कान बघ."

"आरं लय भारी वाजतोय. मला तर पळायलाच मजा येतीय." आणि तो त्या तालावर मागे कसलं तरी भजन म्हणायला लागला. मीही हसत होतो. बोटांना मुंग्या येत होत्या, पण थंडीत मुंग्या येतातच. आठवड्यापूर्वी माझं पोट बिघडलं होतं, त्याचा अशक्तपणा असेल असं वाटलं. पळणाऱ्या माणसाची एक खोड असते, काहीही झालं तरी त्याला वाटतं थोडं पळालं की मोकळं होईल. भावड्याचंही तेच मत. ओहोळाशी थांबलो तेव्हा त्यानं माझ्या पोटऱ्या चोळल्या आणि म्हणाला, "गार पडल्यात. चल, पळालं की सुटतील."

सापगावच्या उतारावर मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा भावड्याही शेजारी येऊन मुद्दाम पडला. आम्ही दोघं वाळक्या गवतात उताणे पडून होतो, वर ब्रह्मगिरीचा काळा कडा होता आणि कड्यावर घारी फिरत होत्या.  मग तो म्हणाला, "म्हातारं झाल्यावर बी येऊ. चालत येऊ. पर येऊ."

"तू ये. मी खुर्चीत बसून येईन," मी म्हणालो.

मला पुढे खूप जणांनी विचारलं, त्या दिवसाचा तुला राग येत नाही का? नाही येत. माझ्या आयुष्यातल्या पाच चांगल्या दिवसांत तो आहे. माझे स्वतःचे पाय, जन्मापासून होते तसे, मी त्या दिवशी शेवटचे वापरले, आणि ते असल्या माणसाबरोबर वापरले. हे मी आजही म्हणतो.

हातोडी

सोमवारी सकाळी मोरीत उकिडवा बसलो तो उठता येईना. मीना, माझी बायको, हाताला धरून ओढायला लागली आणि आम्ही दोघंही पडलो. पहिल्या पाळीला जाताना भावड्या मला घ्यायला यायचा. त्यानं खालून हॉर्न दिला, मीनानं खिडकीतून हाक मारली. त्यानं मला पाठीवर घेतलं आणि जिने उतरला. घाईत त्याच्या चपला आमच्या दारातच राहिल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. पुन्हा मारली. मी पायाकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हल की मेल्या. डॉक्टर म्हणाले, "हे वर चढू शकतं. छातीपर्यंत गेलं तर श्वासाला मशीन लावावी लागेल. आजच दाखल करू." इतकं शांतपणे म्हणाले की मी "बरं" म्हणालो.

मला स्ट्रेचरवर कॉरिडॉरमध्ये ठेवलं होतं. मीना भावड्याला विचारत होती, "काल यांचा पाय ठीक होता?"

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, होता की. भावड्याला खोटं बोलता येत नाही. "नाय वहिनी. पाय पडत व्हता. मी मागं व्हतो, मला दिसत व्हतं."

"मग?"

"मी हसलो."

मीना त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हसलात. तुमच्यामुळे झालं हे. तुम्ही इथे येऊ नका आता."

मी स्ट्रेचरवरून म्हणालो, "ए मीना." पण माझं तोंड तोवर एका बाजूनं सैल झालं होतं आणि शब्द नीट फुटला नाही. भावड्यानं मान खाली घातली आणि गेला. जाताना मी त्याला पाठमोरा पाहिला. अनवाणीच आला होता, घाईत.

मीनाला दोष देऊ नका. माणूस घाबरला की त्याला चिडायला कुणीतरी लागतं. देवावर चिडायची तिची तयारी नव्हती, डॉक्टरवर चिडायची सोय नव्हती, आणि मी असा पडलेला. राहिला भावड्या.

छत

मशीन लागलीच. आयसीयूतलं सांगण्यासारखं फार नाही. छताला चौकोनी तुकडे होते आणि त्यातल्या एकावर पाण्याचा डाग होता. पहाटे ओल्या कपड्यानं अंग पुसायचे. ठरावीक वेळानं दोघं येऊन कुशीवर वळवायचे. पाठीखालची चादर दुमडली असेल तर ती पुढच्या वळवणीपर्यंत दुमडलेलीच. सांगायचं कसं? घशात नळी, हात गेलेले, पापण्या तेवढ्या हलत होत्या. माझ्या डोक्यावर उभं राहून लोक माझ्याबद्दल बोलायचे, जसा मी गावाला गेलोय. कुणाला भेटायला जाल तर एवढं लक्षात ठेवा, त्याला सगळं ऐकू येत असतं.

भीती वाटायची का? वाटायची. मशीनचा आवाज थोडा बदलला की वाटायचं संपलं. त्यावर मी एक उपाय काढला होता, मनात फेरी पळायचो. टपरीपासून सुरुवात, पहिने, खळ्यावरचा म्हातारा, ओहोळ. मला त्या वाटेवरचा प्रत्येक दगड आठवत होता. पण दरवेळी एका ठिकाणी घोडं अडायचं. मागून भजन ऐकू येत नसे.

मीनानं बाराखडीची युक्ती काढली. ती अक्षरं म्हणायची, हवं ते आलं की मी पापणी मिटायची. तहान, पाठ, डास, असं चालायचं. एकदा मी 'भ'ला पापणी मिटली. मग काना. ती थांबली. तिला कळलं होतं. "ते आत्ता नको," ती म्हणाली आणि माझ्या कपाळावरचा घाम पुसायला लागली. मला इतका संताप आला की मशीन वाजायला लागली आणि सिस्टर धावत आल्या.

त्याच सुमाराला डॉक्टर राउंडला आले असताना मीनानं विचारलं, पळाल्यामुळे झालं का हे? डॉक्टर म्हणाले, "छे हो. पळण्याचा काही संबंध नाही. घरी झोपून असते तरी झालं असतं, आणि एक दिवस आधी आणलं असतं तरी फार फरक पडला नसता." मीना खाली बसली. मला वाटलं, हे भावड्याला कुणीतरी जाऊन सांगा. आत्ता सांगा.

नळी निघाल्यावर मी पहिला शब्द काय बोललो असेन? पाणी. दुसऱ्या दिवशी जरा आवाज आला तेव्हा म्हणालो, "भावड्याला बोलव."

"कोणत्या तोंडानं बोलवू?" मीना म्हणाली आणि रडायला लागली.

घरी

घरी आलो तो हाडांचा सापळा होऊन. लोक भेटायला यायचे, शहाळी आणायचे, आणि प्रत्येकाच्या ओळखीत असाच आजार झालेला कुणीतरी असायचा, तो बहुतेक वारलेला असायचा. फिजिओवाल्या मॅडम यायच्या. त्या म्हणायच्या, "अंगठा हलवा," आणि मी सगळा जीव एकवटून अंगठ्याकडे बघायचो. अंगठा आपला परक्याच्या घरी बसल्यासारखा गप्प. मी मॅडमवर ओरडायचो, मीनावर ओरडायचो, आईनं वरणात मीठ जास्त घातलं म्हणून ताट लोटायचो. चिडचिड होणारच. तुमचीही होईल.

सगळे आले, भावड्या आला नाही. कारखान्यातली पोरं सांगायची, रोज तुझं विचारतो, पण चल म्हटलं की काम काढतो.

शेवटी एक दिवस मीना मला काही न सांगता सिन्नरला गेली आणि तिथून जीपनं त्याच्या गावाला. संध्याकाळी परत आली ती टोमॅटोची पिशवी घेऊन. चपला काढता काढता म्हणाली, "मी माफी मागितली. त्यांनी मागू दिली नाही."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, वहिनी, तुमचं खरं हाय, मी हसलो. मी डॉक्टरांचं सांगितलं. तर म्हणाले, डॉक्टरला काय ठाव मी किती हसलो ते."

"मग येत का नाही?"

तिनं टोमॅटोची पिशवी ओट्यावर ठेवली. "त्या दिवशी हॉस्पिटलातून ते तसेच वणीला गेले होते. गडावर. देवीला नवस बोलून आलेत. तुम्ही स्वतःच्या पायांनी चालत त्यांच्यापुढे जाऊन उभे राहत नाही, तोवर तुमचं तोंड बघायचं नाही. आणि पळायचंही नाही."

 मी जो भडकलो म्हणता. माझे पाय, माझा आजार, आणि नवस बोलणारा हा कोण? मला विचारलं होतं? मला चालायला उभं करायला जो माणूस हवा होता, तोच माणूस मी चाललो की भेटणार होता. ह्याला म्हणतात अक्कल. "जाऊन सांग त्याला, मागे घे म्हणावं."

"देवीला बोललेलं मागे घेतात का?" मीना म्हणाली. ती अशा बाबतीत फार कडक आहे.

मग काय करणार? शिव्या घालत मी व्यायाम करायला लागलो. मॅडमना वाटायचं मी त्यांना घालतोय. उन्हाळ्यात वॉकर, पावसाळ्यात दोन काठ्या, गणपती उठले तेव्हा एक काठी. रडायचोसुद्धा, लपवत नाही. पुरुषानं रडू नये म्हणणाऱ्यानं आधी आपला अंगठा हलवण्यासाठी महिनाभर वाट बघावी.

झेंडूच्या शेतात

नवरात्रात आम्ही निघालो. मीनाचा उपास होता. तिनं रस्त्यातच नियम सांगून टाकले. "काठी चालेल. माणूस चालणार नाही. मी हात लावणार नाही."

जीपनं आम्हाला पाणंदीच्या तोंडाशी सोडलं. तिथून भावड्याचं शेत दिसत होतं, दसऱ्याचा झेंडू तोडणीला आला होता, सगळं पिवळं-केशरी. मधोमध तो फुलांची पाटी घेऊन उभा होता. कारखान्यातल्या पोरांनी त्याला वर्दी दिलेली असणार, कारण आमच्याकडे पाठ करून उभा होता. मीनानं रस्त्यावरून हाक मारली, "भाऊसाहेब, आलोय आम्ही. वळू नका हं, अजून पोचले नाहीत."

त्यानं पाठमोऱ्यानंच हात वर केला.

मी चालायला लागलो. पाणंद जमली. पण शेतात ढेकळं होती, आदल्या दिवशी पाणी दिलेलं होतं, आणि माझ्या तळव्यांना खाली काय आहे ते अजून नीट कळत नव्हतं. निम्म्या सरीपर्यंत गेलो आणि काठी रुतली. खाली बसलो तो सरळ मातीत.

"काय झालं वहिनी?" त्यानं तिकडेच तोंड करून विचारलं.

"पडले."

"लागलं का?"

"तू गप रे," मी म्हणालो. "उठतोय मी."

इतक्या महिन्यांनी त्यानं माझा आवाज ऐकला.  मी काठी रोवली, जोर लावला, गुडघा उचलला आणि पुन्हा बसलो. पुन्हा केलं, पुन्हा बसलो. मीना हातभर अंतरावर उभी होती. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घट्ट धरले होते, आपणहून पुढे येऊ नयेत म्हणून.

मी दमलो. बसल्या बसल्या त्या पाठीकडे बघून म्हणालो, "भावड्या, तुझ्या हसण्यानं काही झालेलं नाही. ऐकलंस का?"

"मला येवढंच ठाव हाय का मी मागं व्हतो आन मला दिसत व्हतं."

"अरे, मला पण दिसत होतं. पाय माझाच होता ना? मीही हसतच होतो की."

 मी आणखी एकदा काठी धरली. आता हातच थरथरत होते. "नाही जमत रे आज," मी म्हणालो.

मीना हळूच म्हणाली, "असू द्या. पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ."

पाटी खाली पडली, फुलं सरीत सांडली, आणि भावड्या वळला. दाढी वाढलेली, डोळे लाल, तोंड पार उतरलेलं. वळला आणि झेंडू तुडवत पळत आला. तेव्हा माझं लक्ष मीनाकडे गेलं. जिनं वाटभर नियम ऐकवले होते, ती रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली होती आणि मुकाट्यानं जाणारी-येणारी वाहनं बघत होती.

भावड्यानं माझ्या काखेत हात घातले.

"नवस मोडलास," मी म्हणालो.

"मोडू दे. देवी काय बोलायची ती मला बोलंल." तो हुंदके देत होता आणि मला वर ओढत होता. "तू उभा ऱ्हा आधी."

मी उभा राहिलो.